बी.एड.ला भाषेची मेथड घेतली आणि निराशा झाली, ती कितपत खरी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी तालुक्याच्या गावची, बी.ए. इंग्रजी झालेली, बी.एड.चं पहिलं वर्ष संपत आलंय, मेथड, म्हणजे ज्या विषयाची अध्यापन पद्धती शिकायची तो, इंग्रजी आणि सोबतीला मराठी. ती म्हणते, मॅडम मला वाटलं होतं इथं इंग्रजी बोलायला शिकवतील, वर्ग कसा सांभाळायचा ते सांगतील, जमलं तर टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, तयारीपण होईल, पण दिवस सगळा पाठ टाचणं (तासाचं लेखी नियोजन) काढण्यात आणि फाइली लिहिण्यात जातो, सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याचा काही मिनिटांचा सराव पाठ, नुसतं नाटक वाटतं, आणि परवा समाधानाचा फॉर्म भरायला दिला तर वर्गातल्या सगळ्यांनी सगळीकडे 'उत्कृष्ट'वर टिक केलं, मीपण केलं. माझंच काही चुकतंय का कोर्सच असा असतो, आणि आता पुढचं वर्ष कसं काढू?

तुला तूच म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची आहेस. मी आधी सात वर्षं सोलापुरात शाळेत मराठी-इंग्रजी शिकवलं आणि त्यानंतर आता बावीस वर्षं होतील, बी.एड.च्या पोरापोरींना याच दोन भाषांच्या मेथड शिकवतेय. तुझ्यासारखा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच, फक्त तोंडावर विचारत नाहीत, निकाल लागल्यावर फोन करून विचारतात. तू वेळेत विचारलास म्हणून सविस्तर लिहिते.

तुझी निराशा निम्मी बरोबर आहे आणि निम्मी नाही, आणि ही दोन निम्मी तुला आधी वेगळी करावी लागतील, कारण एका निम्म्यासाठी कॉलेजशी बोलायचंय आणि दुसऱ्यासाठी स्वतःला काहीतरी करायचंय.

मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना अर्धा कागद देते आणि एवढंच लिहायला सांगते की इथून बाहेर पडताना मला काय आलं पाहिजे. ते कागद मी जपून ठेवते. इतक्या वर्षांत तीच तीन उत्तरं फिरून फिरून येतात, इंग्रजी फाडफाड बोलता आलं पाहिजे, नोकरी लागली पाहिजे, आणि पोरं गप्प कशी बसवायची ते कळलं पाहिजे. मूल भाषा कसं शिकतं ते मला समजलं पाहिजे, असं लिहिलेला कागद मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा मिळालाय. यात मी मुलांना दोष देत नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की या कोर्सचं खरं काम ते आहे.

इंग्रजी बोलण्याचं आधी घेऊ. बी.एड. हा भाषा शिकवण्याचा कोर्सच नाही, तुला भाषा येते असं धरून तो चालतो. इंग्रजी माध्यमासाठी सीईटी या प्रवेश परीक्षेबरोबर ईएलसीटी म्हणून इंग्रजीची वेगळी चाचणी घेतात ती त्याचसाठी, पण ती पास होणं आणि पस्तीस मिनिटं वर्गात इंग्रजीत उभं राहणं यात फार अंतर आहे. एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर, म्हणजे २०१५ पासून कोर्स दोन वर्षांचा झाला तेव्हा 'लँग्वेज अक्रॉस द करिक्युलम' (सगळ्याच विषयांतून भाषा) आणि वाचन-चिंतनाचा एक भाग आत आला, कल्पना चांगली होती, पण बहुतेक ठिकाणी त्याच्या नोट्स निघाल्या आणि परीक्षा झाली. म्हणजे तुझी अपेक्षा चुकीची नाही, ती या दारात पूर्ण होणार नाही एवढंच. ती तुला रोज अर्धा तास एखाद्या मैत्रिणीबरोबर बसून पूर्ण करावी लागेल. गप्पा नकोत, उद्याच्या पाठातल्या सूचना इंग्रजीत मोठ्यांदा बोलून बघायच्या. ओपन युवर बुक्स एवढं सगळ्यांना येतं, पण 'दोघादोघांच्या जोड्या करा, एकानं प्रश्न विचारायचा, दुसऱ्यानं चित्राकडे बघून उत्तर द्यायचं, मग अदलाबदल' हे साध्या इंग्रजीत, लहान लहान वाक्यांत, न अडखळता सांगता येतं का बघ. शिक्षकाला लागणारं इंग्रजी हे आहे आणि ते दोनेक महिन्यांत खरंच बसतं, मी बसलेलं पाहिलंय.

नोकरीचं पटकन सांगते कारण त्याच्यात लपवण्यासारखं काही नाही. टीईटी १५० गुणांची, त्यात दोन भाषांना ३०-३० म्हणजे ६० गुण, तेव्हा तुझ्या दोन्ही मेथडचा तिथं थेट उपयोग आहे. पुढं अभियोग्यता चाचणी, जिला सगळे टेट म्हणतात, ती २०० प्रश्न आणि २ तास, त्यात भाषा कशी शिकवतेस हे कुणी बघत नाही, तो वेगाचा आणि सरावाचा खेळ आहे. मग पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट. लागलीस तर तीन वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला महिना १८,००० मानधन. आणि एक, ऑगस्ट २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर बी.एड.वर पहिली ते पाचवीला लागता येत नाही, त्याला डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविकाच लागते. अजूनही मुलं झेडपीच्या प्राथमिक शाळेचं स्वप्न घेऊन बी.एड.ला येतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांना हे कळतं, फार वाईट वाटतं तेव्हा. प्रवेशाच्या वेळी कुणीतरी समोर बसवून एवढं सांगायला पाहिजे ना.

आता तिसरं, पोरं गप्प बसवणं, आणि इथून खरा विषय सुरू होतो. शिक्षकी पेशात येणाऱ्याची अपेक्षा कुठून तयार होते? डॅन लॉर्टी म्हणून एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७५ साली मांडलं की शाळा संपेपर्यंत माणूस साधारण १३,००० तास शिक्षकांच्या समोर बसलेला असतो, त्यामुळे शिकवणं म्हणजे काय हे आपल्याला आधीच माहितीय असं त्याला वाटतं. ही एक प्रकारची शिकाऊ उमेदवारीच, फक्त बाकावर बसून केलेली. शिक्षक काय करतो ते दिसतं, का करतो ते दिसत नाही. तू बारा वर्षं जे इंग्रजीचे तास बघितलेस त्यात धडा वाचला, मराठीत अर्थ सांगितला, अवघड शब्द फळ्यावर, खाली प्रश्नोत्तरं, संपलं. ते तुझ्या अंगात मुरलंय. त्याच्यात पोरं बोलतच नाहीत, म्हणून वर्ग गप्प असला की चांगला तास झाला असं वाटतं. भाषेच्या तासाला पोरं गप्प असणं ही काळजीची गोष्ट आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय सुचतच नाही.

ही उमेदवारी मोडायला मी एक करते. मी सोलापूरची, आजूबाजूला कन्नड ऐकत मोठी झाले, तर पहिल्या महिन्यात एक दिवस काही न सांगता वर्गात येऊन वीस मिनिटं फक्त कन्नडमध्ये शिकवते. "बन्नी, बन्नी," हातानं बोलावते, "कूत्कोळ्ळी," बसा म्हणते. पुस्तक उचलून "इदु एनु? इदु पुस्तक." मग ग्लास दाखवून "इदु एनु?" आणि एकेकाकडे बोट. ज्यांना कन्नड येतं ते मागं बसून हसत असतात, बाकीच्यांकडे बघण्यासारखं असतं. जी मुलगी रोज सगळ्यांच्या आधी हात वर करते ती शेजारणीच्या तोंडाकडे बघायला लागते. एकजण वहीत मराठीत लिहून घेतो, इदु म्हणजे हे. एकजण चक्क खाली मान घालून दप्तरात काहीतरी शोधतो, म्हणजे बोट आपल्याकडे येऊ नये. मग मी थांबते आणि मराठीत विचारते, पाचवी-सहावीच्या इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावरचं पोरगं काय करत असतं? कुणी बोलत नाही थोडा वेळ. मग बोलायला लागतात ते तास संपला तरी थांबत नाहीत. सगळ्या सेमिस्टरच्या थिअरीनं होत नाही ते या वीस मिनिटांत होतं असं माझं मत आहे, आणि यासाठी ना निधी लागतो ना परवानगी. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात केंद्र सरकारचं पश्चिम विभागीय भाषा केंद्र आहे, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानचं, तिथं दुसऱ्या भाषांचे शिक्षक येऊन दहा महिने मराठी, गुजराती नाहीतर सिंधी शिकतात. मला कायम वाटतं की भाषेच्या प्रत्येक शिक्षकाला अशी नवी भाषा नव्यानं शिकायला लावली पाहिजे, दहा महिने नाही तर निदान दहा दिवस.

तर तुझ्या अपेक्षेचा हा भाग, वर्ग सांभाळण्याच्या युक्त्या मिळतील हा, तो बदलायलाच हवा, कोर्सनं तो पूर्ण केला नाही याचं दुःख करू नकोस. पोरांना करण्यासारखं काम दिलं की बराचसा वर्ग सांभाळला जातो, आणि काम कसं द्यायचं हेच मेथड शिकवते, शिकवायला पाहिजे.

आता तुझं बरोबर असलेलं निम्मं. सूक्ष्म अध्यापन नाटक वाटतं म्हणालीस. ते नाटक झालंय हे खरं आहे, पण ते मुळात तसं नव्हतं. १९६३ च्या सुमाराला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात हे निघालं, आणि आपल्याकडे जे रूप रुळलं त्यात ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं चर्चा, १२ मिनिटं पुन्हा नियोजन, मग ६ मिनिटं पुन्हा शिकवायचं, ६ मिनिटं पुन्हा चर्चा, एकूण ३६. आता मला सांग, तुमच्याकडे पुन्हा शिकवणं खरंच होतं का? बहुतेक ठिकाणी पहिली सहा मिनिटं होतात, शेजारचा 'छान झालं' म्हणतो, आणि पुनराध्यापनाचा कागद घरी जाऊन भरला जातो, तारीख टाकून. प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण, प्रबलन (शाबासकी देणं), चेतक बदल (आवाज-हालचाल बदलत राहणं), सगळ्यांचे तसेच कागद. मग नाटक वाटणारच. ज्या भागात शिकणं घडतं तोच भाग कापून टाकलाय, म्हणजे भाजी चिरली, फोडणी दिली आणि शिजवायची राहिली. याबद्दल तू निराश आहेस ते अगदी योग्य आहे आणि ते तू बोलून दाखवलं पाहिजेस.

पुन्हा शिकवण्यानं काय होतं ते एकदा बघितलं की विसरत नाही, म्हणून एक पाठ सांगते. सोलापूरच्या पूर्व भागातली मराठी माध्यमाची शाळा, सहावीचा वर्ग, निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी तेलुगू. यंत्रमाग नाहीतर विड्या, घरी आई-आजी सगळ्या तेलुगूत बोलणार. माझा छात्राध्यापक अक्कलकोटकडचा, कष्टाळू मुलगा, पाठाचा घटक सामान्यरूप. त्यानं रात्र जागून तक्ता केलेला, घोडा-घोड्या, माळी-माळ्या, भाऊ-भावा, रंगीत. प्रस्तावना झाली, हेतुकथन झालं, व्याख्या फळ्यावर आली, नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याच्या रूपात जो बदल होतो त्याला सामान्यरूप म्हणतात. पोरांनी तीनदा एकासुरात म्हटली. उजळणी, गृहपाठ, सगळं घड्याळाप्रमाणे. निरीक्षण वहीतल्या रकान्यांप्रमाणे बघितलं तर त्या पाठाला उत्तम गुण द्यायला हवेत. घंटा झाली, तो तक्ता गुंडाळत होता आणि दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचा खडू माझ्या डबात राहिला." त्यानं 'हो हो' म्हणून खडू घेतला आणि निघाला.

मी ते वाक्य तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं, दुसरं काही लिहिलं नाही. दुपारी त्याला विचारलं ती मुलगी काय म्हणाली? खडू राहिला म्हणाली. नीट आठव, कसं म्हणाली? आठवेना. मग मी वही पुढं केली. 'डबात'. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, मॅडम म्हणजे पस्तीस मिनिटं मी त्याच्यावरच बोललो आणि... पुढं बोलला नाही. मी त्याला रागावले नाही, एवढंच विचारलं की डब्यात हा शब्द त्या मुलीच्या तोंडातून निघायला तू तासात तिला संधी कधी दिलीस?

दुसऱ्या दिवशी ब तुकडी. तक्ता आणलाच नाही. एक खडू, एक डबा, एक कापडी पिशवी. खेळ असा की एकानं बाहेर जायचं, बाकीच्यांनी खडू लपवायचा, बाहेरच्यानं येऊन विचारायचं, खडू डब्यात आहे का, पिशवीत आहे का, फळ्यामागे आहे का, वर्गानं हो-नाही सांगायचं. आधी तो स्वतः दोनदा बाहेर गेला आणि विचारून दाखवलं. मग पोरं. पहिला मुलगा, "खडू खिसात आहे का?" यानं चूक असं म्हटलं नाही, व्याख्या सांगितली नाही, वर्गाकडे बघून सहज म्हणाला, "खिशात? काय रे, खिशात आहे का?" वर्ग ओरडला, "खिशात नाहीये!" दुसऱ्या मुलीनं खिसात म्हणता म्हणता स्वतःच खिशात केलं. चौथ्या-पाचव्या पोरापर्यंत डब्यात, खिशात, मुठीत, बाकाखाली, सगळं यायला लागलं, आणि एक मूल तर म्हणालं, "खडू सरांच्या डोक्यावर आहे का?" शेवटच्या सात-आठ मिनिटांत त्यानं फळ्यावर दोन रांगा केल्या, इकडं डबा, खिसा, मूठ, फळा, बाक, तिकडं डब्यात, खिशात, मुठीत, फळ्यामागे, बाकाखाली, आणि विचारलं, काय झालंय बघा. बराच वेळ शांतता, मग मागून एकजण, "सर, शेपूट लावायच्या आधी शब्दच बदलतोय." तेव्हा त्यानं सामान्यरूप हा शब्द फळ्यावर लिहिला. पोरांनी व्याख्या स्वतः केली होती, त्यानं फक्त नाव दिलं.

मला अजून तो वर्ग डोळ्यासमोर दिसतो. तो मुलगा आता नोकरीत आहे, आणि बी.एड.मधलं काय आठवतं विचारलं की एवढंच सांगतो, डबात.

पण हे का घडलं ते महत्त्वाचं आहे. मी तो पाठ पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बसून बघितला, दुपारी अर्धा तास त्याच्याशी बोलले, आणि शाळेनं दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी दिली. या तीन गोष्टी एकत्र आल्या. सुरुवातीची काही वर्षं मी हे करत नव्हते हे मला मान्य करायला हवं. तेव्हा एकाच तासाला दोन दोन वर्गांत पाठ लावलेले असायचे, व्हरांड्यातून इकडून तिकडं जायचं, पाचेक मिनिटं टेकायचं आणि वहीत 'फलक लेखन सुधारा, आवाज चांगला' लिहून सही करायची. त्या मुलांना मी काय दिलं याची खंत मला आहे. तेव्हा तुला कॉलेजची गुणवत्ता मोजायची असेल तर इमारत, प्रोजेक्टर, निकाल काही बघू नकोस. माझे किती पाठ माझ्या मेथडच्या शिक्षकांनी पूर्ण तास बसून बघितले आणि त्यातल्या किती पाठांवर त्याच दिवशी दहा मिनिटं तरी बोलणं झालं, हा आकडा काढ. तुझ्या वर्षातल्या चार जणींचा काढ. तो शून्य-एक असेल तर तुझी निराशा खरी आहे.

समाधानाच्या फॉर्मचं. २०१७ ला नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, नवी चौकट आली तेव्हापासून विद्यार्थी समाधान सर्वेक्षण मूल्यांकनाचा भाग झालं, आणि त्याच्या आधी-नंतर कॉलेजं स्वतःचेपण फॉर्म भरून घेतात. हेतू वाईट नाही. पण अंतर्गत गुण ज्यांच्या हातात, त्यांनीच फॉर्म वाटायचा आणि त्यांच्यासमोर भरायचा, तिथं 'उत्कृष्ट'शिवाय दुसरं काय येणार? तू टिक केलंस म्हणून स्वतःला लागून घेऊ नकोस. आणि समजा अगदी नाव न लावता, मोकळेपणानं भरून घेतला, तरी दुसरी अडचण राहतेच. समाधान कसं मोजायचं याचा जो विचार बऱ्याच ठिकाणी वापरतात तो ग्राहकांच्या अभ्यासातून आलाय, रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली मांडलेला, की आधीची अपेक्षा आणि प्रत्यक्ष मिळालेलं यांच्यातल्या फरकावर समाधान ठरतं. मिक्सर घेताना हे बरोबर आहे, मिक्सर घेतल्यावर माझी अपेक्षा बदलत नाही. शिक्षक व्हायला आलेल्याची अपेक्षा बदलणं हेच तर आमचं काम. ज्याला तयार पाठ टाचणांची पीडीएफ हवी होती आणि ती मिळाली तो शंभर टक्के समाधानी, आणि त्याला काहीच मिळालेलं नाही. ज्याची 'डबात' ऐकून झोप उडाली तो त्या आठवड्यात फॉर्म भरेल तर 'असमाधानी' लिहील, आणि त्याला सगळ्यात जास्त मिळालं.

म्हणून मी काय करते, तीन वर्षांनी फोन करून विचारते. तेव्हा उत्तरं वेगळीच येतात. फायलींना शिव्या पडतात, त्या पडायलाच पाहिजेत. मानसशास्त्राच्या पेपरबद्दल तेव्हा कुरकुर करणारे आता म्हणतात तो जरा नीट वाचायला हवा होता. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं ते हे, मॅडम सातवी-आठवीत आलेल्या पोरांना वाचताच येत नाही, जोडाक्षर आलं की थांबतात, याचं आम्हाला कुणीच शिकवलं नाही. ही तक्रार माझ्या काळजाला लागते कारण ती शंभर टक्के खरी आहे. माध्यमिकच्या भाषा शिक्षकाला कविता कशी शिकवायची ते शिकवतो आम्ही, रसग्रहण, निबंध, पत्रलेखन, पण सुरुवातीचं वाचन शिकवणं हे प्राथमिकचं काम म्हणून सोडून देतो. वर्गात मात्र ते पोरगं समोर बसलेलं असतं. तू ही उणीव आत्ताच भरून काढ, जवळच्या झेडपी शाळेत पहिली-दुसरीच्या चांगल्या बाईंच्या वर्गात चार दिवस मागं बसून ये, अक्षरापासून शब्दावर त्या कशा नेतात ते बघ.

आणि मराठीची मेथड तू सोबतीला म्हणून घेतलीस असं लिहिलंयस, तिला हलकं धरू नकोस. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं झालं, त्यामुळे ज्यांच्या घरी मराठी नाही अशा मुलांना मराठी शिकवणारे शिक्षक लागताहेत, आणि आमची मराठीची मेथड अजून घरात मराठी असलेलं मूल समोर धरूनच चालते. चहातला च आणि चमच्यातला च वेगळा, ळ कुठून काढायचा, टेबल ते का आणि खुर्ची ती का, हे मातृभाषिकाला कधी प्रश्नच पडत नाहीत, म्हणून शिकवताही येत नाहीत. तुझी इंग्रजीची मेथड इथं कामाला येते, कारण दुसरी भाषा कशी शिकवायची हे तिथं बऱ्यापैकी नीट मांडलेलं असतं. दोन्ही मेथड एकमेकींत मिसळ, खडूचा तो खेळ इंग्रजीत इन, अंडर, बिहाइंडसाठी जसाच्या तसा चालतो.

इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकवणाऱ्या केंब्रिजच्या सेल्टा कोर्सचं नाव तू कुठंतरी ऐकलं असशील. तो केलेले लोक सहसा खूश असतात, आणि माझ्या मते त्याचं कारण साधं आहे, तो छोटं वचन देतो आणि पाळतो. किमान १२० तास, त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवायचं, ते कुणीतरी पूर्ण बघणार आणि त्यावर बोलणार. बस. महाग आहे, आणि आपल्या शाळांत शिक्षक म्हणून लागायला तो बी.एड.च्या जागी चालत नाही, म्हणून तिकडं धावू नकोस. पण सहा तास नीट बघितलेले पाठ माणसाला एवढं देऊ शकतात तर तुझ्या दोन वर्षांत मिळून किमान २० आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन करायचा सराव, आहे, त्यातले साधारण १६ आठवडे अजून तुझ्या पुढं आहेत, ही केवढी मोठी ठेव आहे बघ.

तर पुढचं वर्ष. आंतरवासितेची शाळा कॉलेज ठरवतं, पण यादी लागायच्या आधी विनंती केली तर बहुतेक ऐकतात. घराजवळची, नातेवाइकांची शाळा मागू नकोस, जिथं दोन तुकड्या आहेत आणि इंग्रजीचे शिक्षक तुला मागं बसू देतात अशी माग. एक पाठ अ तुकडीवर घेतलास की तोच ब तुकडीवर दोन दिवसांत पुन्हा घ्यायचा, बदल करून, आणि काय बदललं ते दोन ओळी लिहायचं, हे कुणी सांगितलं नाही तरी कर. शाळेची परवानगी घेऊन आठवड्यातून एका पाठाचा फक्त आवाज फोनवर रेकॉर्ड कर आणि घरी ऐक, तू किती बोललीस आणि पोरं किती बोलली. पहिल्यांदा ऐकताना त्रास होतो, पोरांचा आवाजच येत नाही बऱ्याचदा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यायला लागतो. तुझ्या मेथडच्या मॅडमना नीट जाऊन सांग, मॅडम माझा एक पाठ तुम्ही पूर्ण बसून बघाल का, मला शेरा नको, बोलायचंय. शिक्षकाला अशी मागणी क्वचित होते गं, मला झाली की मी बाकीची कामं बाजूला ठेवून जाते, त्यापण जातील असं मला वाटतं. नाहीच गेल्या तर मैत्रिणीला बसव आणि तिला एकच काम दे, पोरांनी बोललेली वाक्यं तशीच्या तशी लिहून घे म्हणावं, चुकांसकट.

आणि पुढच्या वेळी फॉर्म आला की बाकी टिका कशाही कर, पण सूचना लिहायला शेवटी मोकळी जागा असते तिथं तीन वाक्यं लिही, पुनराध्यापन प्रत्यक्ष व्हावं, प्रत्येकाचे निदान चार पाठ पूर्ण तास बघितले जावेत, सुरुवातीच्या वाचनावर आठ तास द्यावेत. आमच्याकडे एका वर्षी पाच मुलींनी जवळपास एकच सूचना लिहिली होती आणि ती मीटिंगमध्ये वाचली गेली, त्या वर्षापासून आम्ही एका तासाला एका निरीक्षकाकडे एकच पाठ लावतो.